काटा तारेवर टांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी संस्थांच्या संगणकीकरणावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. विकास सोसायट्या जशा एका समाईक सॉफ्टवेअरवर आल्या, तसे साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या यांनीही आपापले सर्व्हर मोडीत काढावेत आणि सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे दूरच्या डाटा सेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर, न्यावा, म्हणजे भार कितीही वाढला तरी चिंता नाही, असा त्यात आग्रह आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात १९९७ पासून आहे. डाटा एंट्री ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा फॉक्सप्रोमध्ये ऊस पावत्या भरत होते, आज ई.डी.पी. म्हणजे संगणक विभाग माझ्याकडे आहे. आमच्या दोन संचालकांनी हा लेख मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘बघा, आपण मागे राहिलो.’ आम्ही मागे राहिलेलो नाही. आम्ही सगळे घेऊन क्लाउडवर गेलो होतो आणि त्यातले निम्मे परत आणले. का आणले, ते इतर कारखान्यांच्या सभासदांनाही कळावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी सोसायट्यांचे सांगते. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्डमार्फत सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, तेही क्लाउडवर. माझे माहेर ज्या गावचे, तिथल्या सोसायटीत एक सचिव, एक टेबल आणि एक गोदरेजचे कपाट आहे. तिथे सर्व्हर ठेवणार कुठे आणि सांभाळणार कोण? पीककर्जाची नोंद दोन तास उशिरा झाली तर कोणाचे अडत नाही. त्यांच्यासाठी हाच मार्ग बरोबर आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्यावरून कारखान्याचा हिशेब मांडता येत नाही.

आमचा कारखाना दिवसाला ५,००० टन गाळपाचा आहे. मोळी टाकली, म्हणजे गाळप सुरू झाले, की पुढचे चार-साडेचार महिने गव्हाणीला (जिथून ऊस गाळपाला आत जातो) तासाला २०० टनांवर ऊस लागतो, रात्र असो की दिवस. केनयार्डात, म्हणजे ऊस वाहनांच्या तळावर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, टायरच्या बैलगाड्या नंबर लावून उभ्या असतात. प्रत्येक वाहनाचे वजन दोनदा, आधी भरलेले आणि मग रिकामे. वजनकाट्याचा आकडा वायरीने संगणकात येतो, कारखान्याच्या चिटबॉयने उसाच्या फडात दिलेल्या चिठ्ठीवरून शेतकरी, प्लॉट, टोळी, वाहनमालक हे सगळे त्याला जोडले जाते आणि पावती छापून निघते. शेतकऱ्याचे बिल, तोडणी-वाहतुकीचे बिल, तोडणी टोळीच्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) वळती करणे, साखरेच्या उताऱ्याचा हिशेब, सगळे त्या एका आकड्यावर उभे असते. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर सालाला १५ टक्के व्याज. आणि आमच्या भागात ‘काटामारी’ (वजनात फसवणूक) हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून ती पावती काट्यावरून ट्रॉली उतरायच्या आत शेतकऱ्याच्या हातात पडली पाहिजे. पाच मिनिटे उशीर झाला तर तो पाच मिनिटे संशय घेऊन उभा राहतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता आम्ही क्लाउडकडे का वळलो ते सांगते, कारण तो निर्णय उगाच घेतलेला नव्हता.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले तेव्हा आमच्या आवारातही पाणी आले. ई.डी.पी.ची खोली प्रशासकीय इमारतीत तळमजल्यावर. पाणी पायरीला लागले तेव्हा मी आणि विभागातली दोन मुले, आम्ही सर्व्हर रॅकमधून सोडवून चादरीत गुंडाळून जिन्यावरून वर नेला. यूपीएसच्या बॅटऱ्या उचलवल्या नाहीत, त्या पाण्यात गेल्या. बॅकअपची हार्डडिस्क मी आधीच्या संध्याकाळी घरी नेली होती, डब्यात घालून, वरून प्लास्टिकची पिशवी बांधून. घरातही पाणी शिरेल म्हणून रात्री ती माळ्यावर ठेवली. त्या माळ्यावरच्या डब्यात सतरा हजार सभासदांची ऊस नोंद होती. असे पुन्हा होऊ नये, हे संचालक मंडळाचे म्हणणे मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते.

दुसरे कारण भाराचे. आम्ही सभासदांसाठी मोबाइल ॲप काढले होते. पंधरवड्याचे बिल जाहीर झाल्याचा मेसेज गेला की अर्ध्या तासात हजारो लोक ॲप उघडून आपला आकडा बघायचे. ॲप आणि काटा एकाच डाटाबेसवर. एका रात्री साडेआठला मेसेज गेला आणि पावणेनऊला काट्यावरून फोन, ‘मॅडम, पावती निघंना झालीय.’ चाळीस मिनिटे काटा अडखळत चालला. दुसऱ्या दिवशी बैठकीत निष्कर्ष निघाला की सर्व्हर लहान पडतोय. एका पुरवठादार कंपनीने चकचकीत सादरीकरण केले. क्लाउडवर भार वाढला की मशीन आपोआप वाढते, कमी झाला की कमी होते, जेवढे वापराल तेवढ्याचेच पैसे. ठराव झाला. दोन हंगामांच्या मधल्या काळात काट्यासकट सगळे मुंबईच्या डाटा सेंटरमध्ये गेले.

त्या रात्रीचे खरे कारण मला नंतर सापडले, तेही इथे सांगायला हवे. ॲपमधली बिलाची क्वेरी सभासद क्रमांकावरून गेल्या दहा हंगामांच्या सगळ्या पावत्या चाळत होती, कारण त्या टेबलाला त्या क्रमांकाचा इंडेक्सच, म्हणजे झटकन शोधायची सूचीच, नव्हती. एका माणसाचे बिल काढायला सर्व्हर लाखो ओळी वाचत होता. इंडेक्स टाकला आणि जे काम चाळीस सेकंद घेत होते ते डोळ्याचे पाते लवायच्या आत होऊ लागले. एका ओळीचा आदेश, खर्च शून्य. मोठे मशीन घ्यायच्या आधी, मग ते आपल्या खोलीतले असो की भाड्याचे, आत काय चालले आहे हे कोणीतरी उघडून बघितले पाहिजे. आमच्याकडे ते कोणी बघितले नाही, मीसुद्धा नाही, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. मशीन आपोआप वाढते हे खरे, पण त्यासाठी सॉफ्टवेअर तसे लिहिलेले असावे लागते. चार मशीन लावली आणि सभासदाची एक विनंती पहिल्याकडे, दुसरी तिसऱ्याकडे गेली, तरी त्याचे काम बिनचूक झाले पाहिजे. आमचे सॉफ्टवेअर जुने. लॉगिनची माहिती ते त्याच मशीनच्या मेमरीत ठेवायचे, अहवालाच्या फाइली त्याच मशीनच्या डिस्कवर लिहायचे. दुसरे मशीन लावले की लोक मधूनच बाहेर फेकले जायचे. मग पुरवठादाराने केले काय, तर एकच भले मोठे मशीन भाड्याने घेतले आणि जसेच्या तसे सॉफ्टवेअर त्यावर उचलून ठेवले. आणि समजा मशीन चार झाली, तरी डाटाबेस एकच. वाढपी चार केले पण भाताचे पातेले एकच, तर पंगत लवकर उठत नाही.

डिसेंबरातली ती रात्र मी विसरू शकत नाही. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने रात्री पावणेबाराला फायबर तोडली. आमच्याकडे दोन कंपन्यांच्या दोन लाइनी होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही एकाच चरातून आलेल्या निघाल्या. फोन आला तशी मी गाडी काढून कारखान्यावर गेले. काट्याच्या केबिनमध्ये इंडिकेटरवर लाल आकडा ठळक उभा होता, १८.६४०. वायर शाबूत, प्रिंटर शाबूत, वीज तर आमचीच, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणारी टर्बाइन हंगामात बंद पडत नाही. फक्त पडद्यावर ते गोल फिरत होते. समोर दिसणारा आकडा मुंबईला जाऊन परत येईपर्यंत पावती निघणार नव्हती, आणि मुंबईला जायचा रस्ताच तुटलेला होता. ट्रॉलीवरून एक म्हातारे गृहस्थ खाली उतरले, डोक्याला मफलर, हातात विळा तसाच. म्हणाले, ‘पोरी, आकडा दिसतोय की तितं. मग लिहून दे की.’

आम्ही लिहून दिला. कपाटातून जुनी कार्बनची पावतीपुस्तके शोधली, दोन क्लार्क बसवले. तीन तास दहा मिनिटे हाताने वजने लिहिली. वेग निम्म्याच्याही खाली आला. रांग फाटकाबाहेर गेली, थंडीत बैल जुंपलेले तसेच उभे, आणि पहाटे पावणेतीनला गव्हाणीवर ‘नो केन’ झाले. यार्डात ऊस भरलेला आणि गव्हाण रिकामी. दुसऱ्या दिवशी हाताच्या पावत्या संगणकात चढवताना सात ठिकाणी आकडा लागेना. कार्बनमध्ये ३ की ८, १ की ७. त्या सात शेतकऱ्यांना आम्ही त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वजन धरून दिले. तरी गावागावांतून जे बोलले गेले ते बोलले गेले.

मुंबईतल्या मशीनला त्या रात्री काहीही झालेले नव्हते. सगळे दिवे हिरवे होते, महिन्याच्या अहवालात सेवा ९९.९ टक्क्यांच्या वर चालू. ते खोटेही नव्हते. त्यांची सेवा चालूच होती, आम्ही तिथवर पोचू शकत नव्हतो. करारात हे कुठेच धरलेले नसते.

मग एप्रिल आला. गाळप संपले, बॉयलर थंड झाला, टोळ्या बीडकडे परतल्या. क्लाउडचे बिल मात्र हंगामाएवढेच येत राहिले, महिन्याला सव्वा लाखाच्या घरात, वर १८ टक्के जीएसटी. वापराल तेवढेच पैसे म्हणजे वापर कमी झाल्यावर कोणीतरी मशीन लहान करायला हवे. ते कोणी करायचे हे ठरलेलेच नव्हते. पुरवठादाराला त्याची घाई असण्याचे कारण नाही, आणि आमच्या हातात त्या खात्याचा पासवर्डच नव्हता. सात महिन्यांत पावणेनऊ लाख गेले. तेवढ्यात आमचा नवा सर्व्हर आला असता. दर कमी करून हवा म्हटले तर उत्तर मिळाले, एक किंवा तीन वर्षांची हमी द्या. हमी दिली की दर खरोखरच बराच उतरतो, पण मग वर्षभर पैसे चालू. वर्षातले सात महिने जवळजवळ रिकामे असणाऱ्या धंद्याला त्या सवलतीचा काय उपयोग? शिवाय दर डॉलरवर बेतलेले. २०१५ मध्ये डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ संपताना तो नव्वदीला टेकला.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की मी स्वतःच्या सर्व्हरची वकिली करते आहे. तसे नाही. आपला सर्व्हर म्हणजे काय ते मी रोज बघते. वर्षातून दोनदा त्याचे झाकण उघडले की पंख्यांवर बगॅसच्या भुश्याचा पिवळट, मऊ थर बसलेला असतो. तो ब्रशने हळूहळू काढावा लागतो. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत बसतात. एसी मे महिन्यात दगा देतो. सर्व्हर पाच-सहा वर्षांत म्हातारा होतो आणि त्यासाठी दरवर्षी पैसे बाजूला टाकायचे कोणाच्या ध्यानात नसते. बंद पडला की तातडीचा खर्च म्हणून ठराव येतो. आणि माणूस? माझ्याकडचा चांगला मुलगा दोन वर्षांत पुण्याला जातो. हिंजवडीत मिळणारा पगार आम्ही देऊ शकत नाही. ‘आपला सर्व्हर स्वस्त’ म्हणणाऱ्यांनी हेही मांडून बघावे.

बाहेरच्या जगात दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. १० जुलै २०१९ रोजी भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका क्षणी २ कोटी ५३ लाख लोक बघत होते. एका दिवसापुरता एवढा भार पेलायला कोणी स्वतःची यंत्रे विकत घेणार नाही. ते ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालत होते. पण त्यांच्या अभियंत्यांनी नंतर जे जाहीरपणे सांगितले ते आमच्या संचालकांनी ऐकायला हवे. आपोआप वाढण्यावर ते विसंबले नाहीत, कारण नवे मशीन उभे राहायला वेळ लागतो आणि गर्दी तेवढी थांबत नाही. प्रेक्षक किती येतील याचा अंदाज बांधून मशीन आधीच उभी केलेली होती. आणि धोनी धावबाद झाल्यावर जी माणसे सामना सोडून एकदम मागे फिरली, त्यांचा सगळा लोंढा मुख्य पानावर येऊन आदळणार, त्याचीही तयारी ठेवावी लागली. पंगत बसल्यावर तांदूळ निवडायला घेऊन चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आमचे तर त्याहून सोपे. बिलाचा मेसेज आम्हीच पाठवतो, गर्दी कधी येणार हे आम्हीच ठरवतो. मेसेज गटागटाने, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने पाठवायला लागल्यावर अर्धी गर्दी तिथेच विरळ झाली.

याच्या उलट ३७सिग्नल्स ही अमेरिकन कंपनी. बेसकॅम्प नावाचे तिचे सॉफ्टवेअर आहे. २०२२ मध्ये तिचे क्लाउडचे बिल ३२ लाख डॉलर झाले. त्या ऑक्टोबरात तिने जाहीर केले की आम्ही बाहेर पडतो, आणि सुमारे सात लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेऊन २०२३ च्या मध्यापर्यंत आपली मुख्य सॉफ्टवेअर बाहेर आणलीसुद्धा. त्यांना ते परवडले, कारण त्यांचे गिऱ्हाईक बारमाही आणि भार ठरलेला. पण ते सर्व्हर त्यांनी कचेरीतल्या खोलीत ठेवलेले नाहीत, भाड्याच्या डाटा सेंटरमध्ये ठेवले आहेत, आणि सांभाळणारी जाणती माणसे त्यांच्याकडे आधीपासून होती. हे न सांगता फक्त बचतीचा आकडा सांगणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे.

आता आमची आजची मांडणी सांगते. काट्याच्या केबिनमध्ये एक साधा संगणक आहे, त्याचा स्वतःचा छोटा डाटाबेस आहे. त्या दिवशीच्या चिठ्ठ्या पहाटेच त्यात उतरवलेल्या असतात. वजन तिथेच घेतले जाते, पावती तिथेच छापली जाते. मुख्य सर्व्हर बंद असो, इंटरनेट नसो, काटा थांबत नाही. जोडणी आली की पावत्या आपल्या क्रमाने पुढे जातात. शेजारी तसाच दुसरा संगणक तयार ठेवलेला आहे. मुख्य सर्व्हर आता पहिल्या मजल्यावर आहे. बिले, हिशेब, स्टोअर, पगार त्यावर. आणि सभासद जे मोबाइलवर बघतात, वजन, बिल, ऊस नोंद, तोडणीचा क्रम, त्याची प्रत दर पाच मिनिटांनी क्लाउडवर जाते. ॲप त्या प्रतीवर चालते. बिल एकदा जाहीर झाले की बदलत नाही, त्यामुळे हजारो लोकांनी बघितले तरी मूळ हिशेबाला धक्का लागत नाही. ॲपचा भाग आम्ही नव्याने लिहून घेतला, त्यामुळे आता तिथे दोनाची चार मशीन खरोखर करता येतात. मोळी टाकायच्या आठवड्यात ती वाढवतो, हंगाम संपल्यावर पट्टा पडला की कमी करतो. कमी केल्याची तारीख माझ्या वहीत लिहिलेली असते आणि त्यावर चीफ अकाउंटंटची सही घेते. खात्याचे पासवर्ड कारखान्याच्या नावावर, तिजोरीतल्या बंद लिफाफ्यात.

बॅकअपविषयी मी जरा जास्त लिहिले तर संपादकांनी कापू नये अशी विनंती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डाटा सेंटरला आग लागली, बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपल्या फाइली ज्यात ठेवत होते ती ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते सरकारचे स्वतःचे केंद्र होते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची खासगी क्लाउड यंत्रणा एका चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. त्यांनी एक प्रत वेगळ्याच कंपनीकडे ठेवली होती, तिचा मोठा आधार झाला आणि ते पुन्हा उभे राहिले. आणि २० ऑक्टोबर २०२५ ला, आपल्याकडे ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका केंद्रात नाव-पत्त्याच्या नोंदीचा घोटाळा होऊन जगभरच्या किती सेवा तासन्‌तास बंद होत्या, ते सगळ्यांनी पाहिले.

आमचाही अनुभव आहे. एका जुलैत मी सहज म्हणून रात्रीचा बॅकअप एका जुन्या संगणकावर उतरवून बघायचे ठरवले. फाइल होती, नाव बरोबर, तारीख आदल्या रात्रीची. आकार ० केबी. मागे मागे गेले, तर अकरा रात्रींच्या फाइली तशाच. डिस्क भरली होती आणि सॉफ्टवेअर रोज इमानेइतबारे रिकामी फाइल तयार करत होते. त्या अकरा दिवसांत कारखाना बंद होता म्हणून निभावले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही बॅकअप खरोखर उतरवतो आणि कोणत्याही पाच शेतकऱ्यांची बिले त्यातून छापून मूळ बिलांशी ताडून बघतो. एक प्रत कारखान्यात, एक क्लाउडवर, एक वेगळ्या गावी, आमच्या गटऑफिसात, जिथे पुराचे पाणी येत नाही.

तेव्हा लेखकांना माझे सांगणे असे, की एकच उत्तर सगळ्या सहकाराला देऊ नये. दूध संघाचे बघा. संकलन केंद्रावर सकाळी सहाला बाई कॅन घेऊन उभी असते, फॅट लागते, माप होते, तिला पावती तिथल्या तिथे हवी. ते काम थांबू शकत नाही, ते तिथेच झाले पाहिजे. दहा दिवसांचे बिल कुठल्या मशीनवर काढता याने तिला फरक पडत नाही. बाजार समितीत सौदा सुरू असताना थांबता येत नाही, सेसचा हिशेब संध्याकाळी झाला तरी चालतो. प्रत्येक संस्थेत अशी दोन प्रकारची कामे असतात. ती वेगळी न करता सगळ्याला एकच ठराव लावला की फटका बसतो तो रांगेत उभ्या असलेल्या माणसाला. कोणते काम किती वेळ थांबू शकते, हे काट्यावरच्या, केंद्रावरच्या माणसाला नेमके ठाऊक असते. आमच्या त्या बैठकीत काटा क्लार्कला कोणी बोलावले नव्हते. माझी खुर्चीही मागच्या रांगेत होती आणि मी तेव्हा ठामपणे बोलले नाही.

करार करताना एवढे मात्र प्रत्येकाने लिहून घ्यावे, की करार संपला तर आपला सगळा डाटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळणार. आत नेताना बहुधा काही पडत नाही, बाहेर आणताना जीबीमागे मोजावे लागतात. आम्ही परत आलो तेव्हा दहा हंगामांचा इतिहास बाहेर काढायला पुरवठादाराने सात आठवडे घेतले, कारण करारात त्याविषयी एक ओळही नव्हती.

शेवटी एक मागणी. आमच्याकडे सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा होते. अहवालात दुरुस्ती, डिझेल, बारदान यांची वेगळी ओळ असते, संगणकाचा खर्च मात्र ‘इतर प्रशासकीय खर्च’ या शब्दांत बुडालेला असतो. सर्व्हर, क्लाउडचे भाडे, इंटरनेटच्या लाइनी, देखभालीचा करार, हे वेगवेगळे छापले जावे. हंगामात संगणकामुळे काटा एकूण किती मिनिटे थांबला, तेही छापावे. आणि बॅकअप उतरवून बघितल्याची शेवटची तारीख. आमच्या विभागाने येत्या अहवालासाठी असा अर्ध्या पानाचा तक्ता तयार करून कार्यकारी संचालकांकडे दिला आहे. चालू हंगामाची मिनिटे त्यात गाळप संपल्यावर भरायची आहेत, आजवरची नऊ आहेत. इतर कारखान्यांच्या सभासदांनीही आपापल्या सभेत असा तक्ता मागावा.

आपली,
एका सहकारी साखर कारखान्यातील ई.डी.पी. विभागप्रमुख,
जि. सांगली

(कारखान्याची ओळख होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)